स्ट्रिंगमधून तारीख-वेळ: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पार्सिंगची वाट

फाइलमधून वाचलेली, फॉर्ममध्ये भरलेली किंवा एपीआयकडून (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून) आलेली तारीख प्रोग्रामच्या हातात पडते तेव्हा ती तारीख नसते, अक्षरांची एक रांग असते, म्हणजेच स्ट्रिंग. '१५/०१/२०२४' हे आपल्याला पंधरा जानेवारी दिसतं. प्रोग्रामला आठ आकडे आणि दोन तिरप्या रेघा दिसतात. या रांगेत तीस दिवस मिळवता येत नाहीत, वार काढता येत नाही. आणि क्रम लावायला गेलं, तर '०२/०१/२०२३' ही जानेवारीतली तारीख '०१/१२/२०२३' या डिसेंबरमधल्या तारखेच्या नंतर जाऊन बसते, कारण स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते आणि ०१ हे ०२ पेक्षा लहान ठरतं. कोड कुठेही अडत नाही, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

म्हणून स्ट्रिंगचं डेटटाइम प्रकारात रूपांतर करायचं, म्हणजेच ती पार्स करायची. हे काम एका ओळीत होतं, त्यामुळे ते सोपं वाटतं. पण पार्स करायला लागणारी सगळी माहिती स्ट्रिंगमध्ये नसते. दिवस आधी की महिना, कोणतं शतक, कोणता टाइमझोन हे बऱ्याचदा बाहेरून माहीत करून घ्यावं लागतं आणि कोडमध्ये लिहावं लागतं. आपण लिहिलं नाही, तर लायब्ररी तिच्या मनाने ठरवते. खालच्या सगळ्या पायऱ्या हा निर्णय लायब्ररीच्या हातून आपल्या हातात घेण्यासाठीच आहेत.

बहुतेक उदाहरणं पायथॉनमधली आहेत. दुसऱ्या भाषेची वागणूक जिथे वेगळी आणि धोक्याची आहे, तिथे ती सांगितली आहे. कोडमधली नावं आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते नेहमीच्या रोमन कीबोर्डनेच टाइप करायचे. स्मॉल-कॅपिटलने अर्थ बदलतो, म्हणून तो फरक जिथल्या तिथे लिहिला आहे.

पहिली पायरी: कोडच्या आधी डेटा बघा

आलेली स्ट्रिंग छापून बघा, आणि साध्या प्रिंटऐवजी रेप्र लावून छापा. रेप्र छुपी अक्षरंही दाखवतं: शेवटी राहिलेली नवी ओळ, वेबपेजवरून कॉपी करताना आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस, फाइलच्या पहिल्या ओळीला चिकटलेलं बीओएम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण). स्पेस आणि नवी ओळ स्ट्रिप फंक्शनने जाते. बीओएम मात्र स्ट्रिपने जात नाही, त्यासाठी फाइल उघडतानाच एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यावं लागतं. 'फक्त पहिली ओळच पार्स होत नाही, बाकी सगळ्या होतात' अशी तक्रार दिसली की आधी बीओएमचा संशय घ्यायचा.

मग क्रम. '०३/०४/२०२४' ही तीन एप्रिल असू शकते किंवा चार मार्च. अमेरिकेत महिना आधी लिहितात, जगाच्या मोठ्या भागात दिवस आधी. एका स्ट्रिंगकडे कितीही वेळ बघितलं तरी याचा उलगडा होत नाही. पूर्ण कॉलम बघावा लागतो. पहिल्या जागी १२ पेक्षा मोठा आकडा एकदा जरी सापडला, तर तिथे महिना असणं शक्य नाही, म्हणजे दिवस आधी आहे. दुसऱ्या जागी सापडला तर महिना आधी. दोन्ही जागी सापडला, तर दोन वेगळ्या ठिकाणचा डेटा कोणीतरी एकत्र केला आहे. असा कॉलम एका फॉरमॅटने पार्स करायचा नाही. कोणती ओळ कुठून आली हे शोधून आधी तो वेगळा करायचा.

आणि १२ च्या वरचा आकडा कुठेच नसेल तर? मग डेटा देणाऱ्यालाच विचारायचं. वर्षातल्या १४४ तारखांमध्ये दिवस आणि महिना दोन्ही १२ पर्यंतचे असतात. त्यातल्या १२ तारखा, म्हणजे ०१/०१, ०२/०२ वगैरे, कशाही वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा उलट्या वाचल्या तर दुसऱ्याच एका खऱ्या तारखेत बदलतात आणि कुठलीच तपासणी त्यांना अडवू शकत नाही. वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त दिवसांना हा धोका आहे. त्यामुळे 'बघू, बहुतेक दिवसच आधी असेल' असं म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: फॉरमॅट तुम्हीच लिहा

पायथॉनमध्ये डेटटाइम क्लासवर स्ट्रपटाइम नावाची मेथड आहे. तिला दोन गोष्टी द्यायच्या: स्ट्रिंग आणि तिचा फॉरमॅट. फॉरमॅटमध्ये प्रत्येक भागासाठी % आणि एक अक्षर येतं. मधल्या रेघा, कोलन, स्पेस जशाच्या तशा लिहायच्या. नेहमी लागणारी अक्षरं ही:

- %डी, स्मॉल: महिन्यातला दिवस
- %एम, स्मॉल: महिना, आकड्यात
- %वाय, कॅपिटल: चार आकडी वर्ष (स्मॉल लिहिलं तर दोन आकडी)
- %एच, कॅपिटल: २४ तासांच्या घड्याळातला तास
- %आय, कॅपिटल: १२ तासांच्या घड्याळातला तास, सोबत एएम-पीएमसाठी %पी, स्मॉल
- %एम, कॅपिटल: मिनिटं
- %एस, कॅपिटल: सेकंद, त्याखालचे दशांश %एफ, स्मॉल
- %बी: महिन्याचं नाव, स्मॉल असेल तर लघुरूप, कॅपिटल असेल तर पूर्ण
- %झेड, स्मॉल: यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचं अंतर, म्हणजे ऑफसेट

'१५/०१/२०२४ २१:०५:३०' ही स्ट्रिंग घेऊ. फॉरमॅट डावीकडून रचत जायचा: स्मॉल डी, तिरपी रेघ, स्मॉल एम, तिरपी रेघ, कॅपिटल वाय, एक स्पेस, मग कॅपिटल एच, कोलन, कॅपिटल एम, कोलन, कॅपिटल एस. अक्षरांच्या आधी प्रत्येक वेळी %. मिनिटांच्या जागी चुकून स्मॉल एम पडला, तर एकाच फॉरमॅटमध्ये महिना दोनदा आला म्हणून पायथॉन एरर देतो. हे चांगलंच आहे. फॉरमॅट संपला आणि स्ट्रिंग उरली, तरीही तो थांबतो आणि किती मजकूर उरला ते दाखवतो.

पण एका ठिकाणी पायथॉन गप्प राहतो, आणि ती जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्ट्रिंग आहे '०९:०५ पीएम'. तुम्ही तासासाठी सवयीने कॅपिटल एच लिहिला आणि शेवटी %पी लावला. एरर येत नाही, उत्तर येतं सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं. कारण %पीचा परिणाम फक्त %आय सोबत असेल तरच तासावर होतो. %एच सोबत तो वाचला जातो आणि सोडून दिला जातो. दुपारी एकपासूनच्या सगळ्या नोंदी बारा तास मागे जातात, सकाळच्या बरोबर राहतात, आणि अर्धा डेटा बरोबर असल्यामुळे चूक उशिरा कळते. स्ट्रिंगमध्ये एएम-पीएम दिसलं की तासासाठी %आयच. रात्रीचे बारा म्हणजे १२ एएम, त्याचा तास ० होतो. दुपारचे बारा म्हणजे १२ पीएम, त्याचा तास १२ च राहतो. हे रूपांतर हाताने बेरीज-वजाबाकी करून लिहू नका, %आय आणि %पीवर सोपवा.

स्ट्रिंगमध्ये नसलेला भाग स्ट्रपटाइम १ जानेवारी १९००, ००:०० वरून भरतो. नुसती वेळ पार्स केली तर वर्ष १९०० येतं ते यामुळेच. यातून एक चमत्कारिक बग निघतो: वर्ष नसलेली '२९/०२' ही तारीख पार्स होत नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. प्रोग्राम कित्येक महिने नीट चालतो आणि २९ फेब्रुवारीला पडतो. अशा वेळी वर्ष आधी स्ट्रिंगला जोडा, मग पार्स करा.

महिन्यांची नावं असतील तर लोकेलकडे, म्हणजे प्रोग्रामच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगकडे, लक्ष द्या. %बी कोणती नावं ओळखणार हे प्रोग्रामच्या लोकेलवर ठरतं, म्हणून तुमच्या मशिनवर चाललेला कोड दुसऱ्या सर्व्हरवर अडू शकतो. सप्टेंबरचं लघुरूप काही लोकेलमध्ये तीन अक्षरी, काहींत चार अक्षरी असतं, एवढ्यानेही पार्सिंग फसतं. जावामध्ये फॉर्मॅटरला लोकेल उघडपणे द्या, सी-शार्पमध्ये पार्सएक्झॅक्टला इन्व्हेरियंट कल्चर द्या.

दुसऱ्या भाषेत जाताना

अक्षरं सगळीकडे तीच दिसतात, पण त्यांचे अर्थ बदलतात. मायएसक्यूएलच्या एसटीआर-टू-डेटमध्ये मिनिटांसाठी स्मॉल आय आहे आणि कॅपिटल एम म्हणजे महिन्याचं पूर्ण नाव. पीएचपीतही मिनिटं स्मॉल आयने येतात. गो भाषेत % नाहीच. तिथे एक ठरलेला क्षण आपल्याला हव्या त्या मांडणीत लिहून दाखवायचा असतो: २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, ऑफसेट उणे ७ असा तो क्रम आहे. तिथे स्वतःच्या आवडीची दुसरी कुठली तारीख लिहिली तर फॉरमॅट चालत नाही.

जावातला फरक जरा जवळून बघू. वर्षासाठी स्मॉल वाय चार वेळा लिहायचा. कॅपिटल वाय चार वेळा लिहिला तर त्याचा अर्थ होतो आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष, आणि ते कॅलेंडरच्या वर्षाशी जवळजवळ वर्षभर जुळतं. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार. त्या आठवड्यातला गुरुवार २ जानेवारी २०२५ ला येतो, म्हणून आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) नियमाने तो आठवडा २०२५ चा पहिला आठवडा. कॅपिटल वायने ही तारीख लिहिली की स्ट्रिंग तयार होते '३०/१२/२०२५'. पुढचा प्रोग्राम ती अगदी बरोबर पार्स करतो आणि त्याला एक वर्ष पुढची तारीख मिळते. चूक लिहिणाऱ्याची, पण दिसते वाचणाऱ्याकडे. तसंच कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस, तो महिन्यातल्या दिवसाच्या जागी वापरायचा नाही. जावात २०१४ पासून, म्हणजे जावा ८ पासून, जावा-टाइम पॅकेज आहे. नवीन कोडमध्ये तेच वापरा. जुना सिंपलडेटफॉरमॅट अनेक थ्रेड्समध्ये एकत्र वापरणं सुरक्षित नाही, आणि मुळातच तो ढिला आहे: ३२ जानेवारी दिली तर गुपचूप १ फेब्रुवारी करून देतो.

तिसरी पायरी: फॉरमॅट निवडणं तुमच्या हातात असेल तर आयएसओ

डेटा तुम्हीच लिहिणार असाल आणि तुम्हीच वाचणार असाल, तर आयएसओ ८६०१ सोडून दुसरं काही निवडू नका. हे मानक १९८८ साली आलं. इंटरनेटवरच्या वापरासाठी त्यातला एक आटोपशीर भाग २००२ मध्ये आरएफसी ३३३९ म्हणून ठरवला गेला. मांडणी अशी: '२०२४-०१-१५टी२१:०५:३०झेड'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. टी तारीख आणि वेळ वेगळी करतो, झेड म्हणजे यूटीसी. यूटीसी नसेल तर झेडच्या जागी '+०२:००' असा ऑफसेट. मोठं एकक आधी आणि प्रत्येक भागाची रुंदी ठरलेली, त्यामुळे ऑफसेट सगळीकडे सारखा असेल तर नुसत्या स्ट्रिंगचा क्रम लावला तरी तो काळाचाच क्रम असतो. पहिल्या परिच्छेदातली अडचण इथे येतच नाही.

पायथॉनमध्ये फ्रॉमआयएसओफॉरमॅट ही मेथड ३.७ आवृत्तीपासून आहे, पण शेवटचा झेड ती ३.११ पासून स्वीकारते. जुन्या आवृत्तीवर असाल तर झेडच्या जागी '+००:००' घालून मग पार्स करा.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र आयएसओ असूनही एक खड्डा आहे आणि त्यात रोज कोणीतरी पडतं. नुसती तारीख दिली, '२०२४-०१-१५', तर ती यूटीसीमधली मध्यरात्र समजली जाते. तीच तारीख वेळेसकट दिली, '२०२४-०१-१५टी००:००:००', आणि ऑफसेट दिला नाही, तर ती वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेतली मध्यरात्र समजली जाते. नियमातच तसं आहे. परिणाम असा की यूटीसीच्या मागे असलेल्या ठिकाणी पहिल्या स्ट्रिंगचा दिवस गेटडेटने काढला तर १५ ऐवजी १४ मिळतो. वाढदिवस, सुट्टी, मुदत यांना वेळ नसते, टाइमझोनही नसतो. त्यांना 'क्षण' समजून पार्स करणं हीच मुळातली चूक. नुसत्या तारखेसाठी नुसत्या तारखेचाच प्रकार वापरा, जसा पायथॉनमध्ये डेट किंवा जावामध्ये लोकलडेट. आणखी एक: जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देऊन डेट बनवली तर महिने ० पासून मोजले जातात. २०२४, १, ३१ दिलं की १ म्हणजे फेब्रुवारी, त्याला ३१ दिवस नाहीत, आणि तुम्हाला २ मार्च मिळतो.

अंदाज बांधणारी फंक्शन्स

फॉरमॅट न देता कुठलीही स्ट्रिंग वाचणारी फंक्शन्स अनेक भाषांत आहेत आणि सुरुवातीला ती फार आवडतात. एखादी फाइल वरवर चाळायला ती ठीक. रोज चालणाऱ्या कोडमध्ये मात्र ती नकोत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ती चुकत असताना कळत नाही.

पायथॉनची डेटयुटिल लायब्ररी '०३/०४/२०२४' मध्ये महिना आधी धरते, पण '१३/०४/२०२४' आलं की १३ वा महिना नसतो म्हणून दिवस आधी धरते. एकाच कॉलममध्ये दोन नियम. शिवाय स्ट्रिंगमध्ये नसलेला भाग ती आजच्या तारखेतून भरते. नुसतं '१०' दिलं तर चालू महिन्याची दहा तारीख तयार. पांडाज या तक्त्यांचा डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीचं टू-डेटटाइमही पूर्वी प्रत्येक किंमत (व्हॅल्यू) वेगळी पार्स करायचं. २.० आवृत्तीपासून ते पहिल्या किमतीवरून फॉरमॅट ठरवतं आणि तोच सगळ्यांना लावतं, ही मोठी सुधारणा आहे. तरी पहिलीच तारीख दुहेरी अर्थाची असेल तर निवड पुन्हा त्याच्याच हातात जाते. 'डेफर्स्ट' हा पर्याय कडक नियम नाही, फक्त पसंती आहे, हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे. म्हणून फॉरमॅट द्या. पीएचपीचं स्ट्रटूटाइम तर मधलं चिन्ह बघून ठरवतं: तिरपी रेघ असेल तर महिना आधी, डॅश किंवा टिंब असेल तर दिवस आधी.

अंदाज किती महाग पडू शकतो याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. मार्च१, सेप्ट१ अशा नावांची जनुकं होती, आणि एक्सेल ती नावं आपोआप तारखा करून टाकायचं. संशोधकांच्या याद्यांमध्ये जनुकांच्या जागी १ मार्च, १ सप्टेंबर जाऊन बसायचे. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. २०२० मध्ये त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली आणि मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. तारीख नसलेली स्ट्रिंगही तारीख 'दिसू' शकते, हे अंदाज बांधणाऱ्या कोडला कळत नाही.

चौथी पायरी: टाइमझोन ठरवा

'१५/०१/२०२४ २१:०५' हा क्षण नाही. कुठल्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली हे कळल्याशिवाय तो टाइमलाइनवर कुठे ठेवायचा ते ठरत नाही. टाइमझोन नसलेल्या किमतीला पायथॉनमध्ये नाइव्ह म्हणतात, असलेल्या किमतीला अवेअर. दोन्हींची वजाबाकी किंवा लहान-मोठं अशी तुलना करायला गेलं तर एरर येतो, आणि तो गप्प करण्यासाठी लोक हाताला येईल तो टाइमझोन चिकटवतात. तसं करू नका. आधी डेटा कुठल्या घड्याळाचा आहे ते शोधा.

ते कळल्यावर दोन मेथड्समधला फरक समजून घ्या. रिप्लेस वापरून टाइमझोन दिला, तर घड्याळाचे काटे तसेच राहतात, फक्त त्यावर पाटी लागते. अ‍ॅझटाइमझोन वापरलं, तर क्षण तोच राहतो आणि काटे फिरतात. पार्स केलेल्या नाइव्ह किमतीला आधी रिप्लेसने तिच्या मूळ ठिकाणाचा झोन लावायचा, मग अ‍ॅझटाइमझोनने यूटीसीत न्यायचं. पहिली पायरी गाळून थेट अ‍ॅझटाइमझोन लावलं, तर पायथॉन ती किंमत मशिनच्या स्थानिक वेळेतली आहे असं गृहीत धरतो. तुमच्या लॅपटॉपवर एक उत्तर, सर्व्हरवर दुसरं.

झोनसाठी पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो आहे. विंडोजवर त्याच्यासोबत टीझेडडेटा हे पॅकेजही टाकावं लागतं. झोनचं नाव नेहमी 'अमेरिका/न्यू_यॉर्क' अशा पूर्ण स्वरूपात द्या. सीएसटी, आयएसटी अशा लघुरूपांवर विसंबू नका: सीएसटी ही उत्तर अमेरिकेतली मध्यवर्ती वेळ असू शकते आणि चीनची प्रमाणवेळही, आयएसटी भारताची, इस्राएलची किंवा आयर्लंडची असू शकते.

झोन माहीत असूनही वर्षातून दोनदा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला पहाटे २ वाजता घड्याळं थेट ३ वर गेली. म्हणजे त्या दिवशी २:३० झालेच नाहीत. ३ नोव्हेंबरला २ वाजता घड्याळं परत १ वर आली, म्हणजे १:३० दोनदा वाजले. न झालेली वेळ दिली तरी झोनइन्फो तक्रार करत नाही. ती पकडायची असेल तर किंमत यूटीसीत नेऊन परत त्याच झोनमध्ये आणा. काटे बदललेले दिसले तर ती वेळ अस्तित्वात नव्हती. दोनदा वाजलेल्या वेळेसाठी डेटटाइमवर फोल्ड नावाची खूण आहे: ० म्हणजे पहिल्यांदा, १ म्हणजे दुसऱ्यांदा. कधी अख्खा दिवसच नसतो. सामोआने तारखेची रेषा ओलांडली तेव्हा तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस आलाच नाही.

होऊन गेलेल्या घटना यूटीसीत साठवा. पुढच्या भेटीगाठींसाठी मात्र स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवा, कारण सरकारं घड्याळाचे नियम बदलतात आणि आज काढलेली यूटीसी उद्या चुकू शकते.

नुसते आकडे आले तर

'१७१००००००' सारखी अर्धवट कापलेली किंमत नाही ना, हे आधी आकडे मोजून बघा. दहा आकडे असतील तर बहुधा १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद. तेरा असतील तर मिलिसेकंद. १७१००००००० म्हणजे ९ मार्च २०२४, १६:०० यूटीसी. हीच किंमत जावास्क्रिप्टला दिली तर तो मिलिसेकंद समजतो आणि २० जानेवारी १९७० देतो. कुठेही जानेवारी १९७० दिसला की एककाची गल्लत शोधायला लागा. पायथॉनमध्ये फ्रॉमटाइमस्टॅम्पला टाइमझोन द्यायला विसरू नका, नाहीतर उत्तर स्थानिक वेळेत येतं. पाच आकडे असतील, उदाहरणार्थ ४५३६१, तर तो स्प्रेडशीटमधला दिवसांचा अनुक्रमांक असू शकतो; एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत तो १० मार्च २०२४ होतो.

पाचवी पायरी: जे पार्स होत नाही त्याचं काय

प्रत्येक पार्सिंगभोवती व्हॅल्यूएरर पकडा, पण पकडून आजची तारीख किंवा १९७० भरू नका. मूळ स्ट्रिंग, ओळीचा क्रमांक आणि एररचा मजकूर वेगळ्या यादीत टाका. काम संपल्यावर ती यादी वाचा. फसलेल्या ओळींमध्ये जवळजवळ नेहमी एखादी लय दिसते: सगळ्या एकाच शाखेच्या, सगळ्या एका तारखेनंतरच्या, किंवा सगळ्यांत '००००-००-००' सारखं रिकाम्या जागेचं चिन्ह. मूळ स्ट्रिंगचा कॉलम डेटाबेसमध्येही राहू द्या. फॉरमॅट चुकला होता असं नंतर कळलं, तर परत पार्स करायला तोच एक आधार असतो.

अशक्य तारखा सगळे नाकारत नाहीत. पायथॉन ३० फेब्रुवारीला एरर देतो. जावा-टाइममध्ये ठरलेला मोड 'स्मार्ट' असतो, तो ३० फेब्रुवारी २०२४ चं २९ फेब्रुवारी करून देतो. तिथे रिझॉल्व्हर स्टाइल 'स्ट्रिक्ट' करा, आणि तेव्हा वर्षासाठी स्मॉल वायऐवजी स्मॉल यू लिहा, कारण स्ट्रिक्टमध्ये वाय सोबत कोणतं युग तेही विचारलं जातं.

दोन आकडी वर्षं टाळता आली तर टाळाच. पायथॉन ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ धरतो आणि ०० ते ६८ ला २००० ते २०६८. जन्मवर्ष '५२' असेल तर ते २०५२ होतं. म्हणून पार्स झाल्यावर एक मर्यादा तपासा: जन्मतारीख भविष्यातली नको, व्यवहाराची तारीख संस्था सुरू होण्याच्या आधीची नको.

शेवटी टेस्ट

टेस्टसाठी ०१/०१ किंवा ०५/०५ घेऊ नका. दिवस-महिना उलटे असले तरी त्या पास होतात. अशी तारीख घ्या की दिवस १२ च्या वर, तास १२ च्या वर, आणि महिना, मिनिट, सेकंद सगळे वेगवेगळे. '२३/०४/२०२४ १७:३८:०९' चांगली आहे. तिच्यासोबत २९ फेब्रुवारी २०२४ पास व्हायला हवी, २९ फेब्रुवारी १९०० नाकारली जायला हवी. एएम-पीएम असेल तर १२ एएम आणि १२ पीएम दोन्ही. रिकामी स्ट्रिंग, पुढे-मागे स्पेस असलेली स्ट्रिंग, शेवटी फालतू मजकूर असलेली स्ट्रिंग. पार्स केलेली किंमत त्याच फॉरमॅटने परत लिहून मूळ स्ट्रिंगशी ताडून बघणं उपयोगाचं आहे, पण दिवस-महिन्याची अदलाबदल त्यात सापडत नाही, कारण वाचताना आणि लिहिताना चूक तीच होते. त्यासाठी ज्यांची खरी तारीख बाहेरून माहीत आहे अशा दोन-चार ओळी हाताने निवडून टेस्टमध्ये घाला. मग मशिनचा टाइमझोन बदलून, एकदा यूटीसीच्या पुढचा आणि एकदा मागचा ठेवून, सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा. एखादी तेव्हाच पडली, तर कोडमध्ये कुठेतरी स्थानिक वेळ अजून गृहीत धरलेली आहे. बहुधा झोन न दिलेलं फ्रॉमटाइमस्टॅम्प किंवा नाइव्ह किमतीवर थेट लावलेलं अ‍ॅझटाइमझोन तिथे सापडेल.